तांबडी गेल्यावर

परसातली कोंबडी गेली तर घरानं काय करायचं, याची रीत मराठी मुलखात कुणी घालून दिलेली नाही. बैल गेला तर चारचौघे भेटायला येतात. उभं आयुष्य राबलेल्या बैलाचा दहावा घातल्याच्या बातम्याही वर्तमानपत्रांत अधूनमधून दिसतात. बैलाला पोळा आहे, गाय-वासराला वसुबारस आहे, नागालासुद्धा पंचमी आहे. कोंबडीच्या वाट्याला आखाड. त्यामुळे तिच्या जाण्याचं कुणाला वाईट वाटलंच, तर ते चारचौघांत बोलायची सोय नसते. ‘कोंबडीच ती, दुसरी आण,’ एवढ्यावर विषय मिटतो. वाईट वाटायचं ते वाटतंच, आणि ज्या घरी मोजून दहा-बारा कोंबड्या असतात तिथं जास्तच वाटतं.

शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याच्या पट्ट्यात अशी घरं पुष्कळ. शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. पुढं भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. घोडगंगा सहकारी साखर कारखाना इथलाच, म्हणून भोवती ऊस. बरीच कुटुंबं रानातल्या वस्त्यांवर राहतात. दावणीला गाई, दारात कुत्रं, भिंतीच्या कडेला खुराडं. सकाळी खुराड्याचं दार काढलं की कोंबड्या उकिरडा, गोठा, उसाची सरी असा फेरा मारतात आणि दिवस मावळायच्या आत आपण होऊन परततात. मग त्या मोजायच्या आणि डालायच्या. कोंबडी गेल्याचं पुष्कळदा कळतं ते या मोजणीत. एक कमी भरते. पुन्हा मोजलं जातं, गोठ्यामागं, कडब्याच्या गंजीत पाहिलं जातं, अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन बांधापर्यंत जाऊन येणंही होतं.

कोंबड्यांची नावं रंगावरून नाहीतर खोडीवरून पडतात: तांबडी, काबरी, काळी, मानेवर पिसं नसली तर बोडकी, पाय अधू असला तर लंगडी. मोठ्या पोल्ट्रीत नाव ठेवायला सवड नसते. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत विक्रीला निघतो. परसातली कोंबडी मात्र वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर असते, नीट जपली तर पाच ते आठ वर्षं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातली ‘पीनट’ नावाची कोंबडी २०२३ च्या नाताळात गेली तेव्हा एकवीस वर्षांची होती, आणि हयात कोंबड्यांत सर्वांत वयस्कर म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झालेली होती. मुंगसाच्या शेजारी राहणाऱ्या कोंबडीनं इतक्या आयुष्याची आशा धरू नये. परसातले पक्षी थोडेथोडके नाहीत, हेही ध्यानात घ्यायला हवं. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ते देशभरात सुमारे ३१ कोटी ७० लाख भरले, आधीच्या गणनेपेक्षा ४५ टक्क्यांहून जास्त.

जीव जडतो त्यामागं पैशाचाही धागा आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. उसाचं बिल कारखान्यातून येतं, दुधाचा पगार डेअरीतून. दोन्ही बहुतेक वेळा पुरुषाच्या नावावर. अंड्याचा पैसा बाईच्या हातात पडतो. देशी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडीच देते, पण त्यातून पोराची वही, भिशीचा हप्ता, माहेरी जायचं एसटीचं भाडं निघतं. म्हणून एक कोंबडी गेली की घरातल्या बाईचं जे जातं ते घरातल्या इतरांना चटकन दिसत नाही. घरी एकट्या राहणाऱ्या म्हातारीचं तर आणखी वेगळं. दिवसभरात तिचं बोलणं होतं ते बहुतेक कोंबड्यांशी.

कोंबड्या एकमेकींना ओळखतात, हे नॉर्वेच्या थॉरलीफ शेल्डरुप-एब्बे यांनी गेल्या शतकात १९२० च्या आसपास शास्त्राच्या भाषेत मांडलं. ते पोरवयापासून कोंबड्या न्याहाळत आले होते. कोणी कुणाला टोचायचं आणि कोणी मुकाट्यानं बाजूला व्हायचं याचा कळपात क्रम ठरलेला असतो, ही त्यांची नोंद पुढं जगभर मान्य झाली. वरच्या क्रमाची कोंबडी मेली की उरलेल्यांत काही दिवस हाणामारी चालते. घरच्यांना वाटतं, तिच्यावाचून या बिथरल्या. माणसासारखा शोक कोंबड्या करतात असं म्हणण्याजोगा पुरावा नाही. मात्र पिल्लांना नुसता वाऱ्याचा झोत बसला तरी आईच्या काळजाचे ठोके आणि वागणं बदलतं, असं ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांना २०११ मध्ये आढळलं. खुडूक कोंबडी ज्यानं पाळली आहे त्याला हे प्रयोगाविनाही पटेल.

कोंबडी कशानं गेली, यावर मागं उरलेल्या दुःखाची जात ठरते.

सर्वांत मोठा घास मानमोडी घेते. पुस्तकातलं तिचं नाव राणीखेत. १९२० च्या दशकात कुमाऊँमधल्या त्या गावी हा रोग आढळला म्हणून. हिरवट पातळ विष्ठा, धाप, लोंबणारे पंख आणि शेवटी मुरडलेली मान. लस न दिलेल्या कळपात हा विषाणू शिरला की आठवड्याभरात खुराडं रिकामं होतं. त्यावर औषध नाही. लक्षणं दिसायच्या कित्येक दिवस आधी तो अंगात शिरलेला असतो. तेव्हा ‘हळद-लसूण वेळेवर दिला असता तर’ हा सल बाळगण्यात तथ्य नाही. लस मात्र आहे. पिल्लाच्या पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि सहा-आठ आठवड्यांनी आर टू बी टोचायची. पुण्यात औंधला पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था अशा लसी बनवते. अडचण वेगळीच आहे. बाटली साधारण शंभर मात्रांची, आणि पाण्यात मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते. बारा कोंबड्यांसाठी शंभराची बाटली फोडायला कुणाचा हात धजत नाही. यावर तोडगा एकच: आसपासच्या पाच-सात वस्त्यांनी एक दिवस ठरवून एकाच बाटलीत सगळ्यांचं काम उरकायचं.

दुसरा मृत्यू दाताचा. मुंगूस, रानमांजर, कोल्हा, भटकी कुत्री, पिल्लांना घार. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो आणि इथल्या उसात बिबट्याही आहे. ऊसतोड सुरू झाली की फडात दडलेल्या जनावरांचा आडोसा जातो आणि ती वस्त्यांकडे सरकतात. तोडीला आलेल्या टोळ्यांच्या कोप्यांजवळही कोंबड्या असतात. गाव सोडताना बैलगाडीत भांड्यांबरोबर डालगं चढवलेलं असतं. अशा मृत्यूत पुरायलाही काही उरत नाही. बांधावर पिसं, बस्स. आणि यातच अपराधी वाटणं सर्वांत टोकदार असतं, कारण खुराड्याची कडी कुणीतरी लावायची राहिलेली असते. घरात त्या ‘कुणीतरी’चा शोध चालू होतो, तो बहुधा लहान पोरापाशी जाऊन थांबतो. हा शोध घेऊच नये. कडी एक दिवस राहतेच. फळी कुजलेली होती का, जाळीखालून उकरलं गेलं का, हे पाहावं. जाळी वीतभर जमिनीत गाडली तर उकरून आत शिरणाऱ्यांना अटकाव होतो.

उन्हाळ्याचा मार वेगळा सांगायला नको. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच वासून धापा टाकते; शिरूर-दौंडच्या चाळिशीपारच्या दुपारी सावली आणि गार पाणी कमी पडलं तर ती उभ्या उभ्या कलंडते.

सर्वांत अवघड मृत्यू म्हणजे सरकारी आदेशानं झालेला. भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक महाराष्ट्रातच झाला, फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. पुढं जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात तो निघाला आणि त्याच लाटेत भीमेपलीकडं, दौंड तालुक्यातल्या बोरीभडकलाही. त्या वेळी बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारण्याचा नियम होता. पोल्ट्रीतले तसे परसातलेही. सकाळी दाणे टिपणारी धडधाकट कोंबडी दुपारी चुन्याच्या खड्ड्यात. आठ आठवड्यांवरच्या अंड्याच्या कोंबडीला ९० रुपये आणि अंड्याला ३ रुपये अशी तेव्हाची भरपाई होती. नियम चुकीचा नव्हता. हा विषाणू माणसालाही मारू शकतो आणि तो गावात पसरू देणं परवडणारं नाही. पण रोगानं मेलेली कोंबडी आणि निरोगी असताना हातून काढून दिलेली कोंबडी, या दोहोंत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात पकडताना कोंबडीचं विश्वासानं हातात येणं लोकांच्या फार दिवस लक्षात राहतं.

ज्याला समाज दुःख म्हणून मोजत नाही असं दुःख अधिक रेंगाळतं, असं अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये मांडलं. माणूस रडतो आणि वर रडण्याची लाजही बाळगतो. कोंबडीच्या बाबतीत यात आणखी एक पीळ आहे: ती खाल्लीही जाते. काल रस्सा ओरपणारा आज तांबडीसाठी डोळे कसे पुसतो, हा टोमणा ठरलेला. यात विसंगती आहे, ढोंग नाही. बाजारातली कोंबडी आणि हातावरून बाजरी टिपणारी कोंबडी गावानं कधीच एका मापानं मोजलेली नाहीत. नावाची कोंबडी अंडी द्यायची थांबली तरी अनेक घरांत तिला सुरी लागत नाही, फार तर ती विकली जाते. खंडोबा-म्हसोबाच्या नावानं सोडलेला कोंबडा वाढवणाऱ्या पोरांना तर हा पीळ लहानपणीच कळतो.

सांत्वनाची सुरुवात प्रेत नीट पुरण्यापासून होते. उकिरड्यावर किंवा ओढ्यात फेकलेली कोंबडी कुत्री ओढतात आणि रोग वस्तीभर नेतात. विहिरीपासून लांब, खोल खड्डा, वर चुना आणि माती. साथीच्या दृष्टीनं हे जितकं गरजेचं तितकंच मनाच्या दृष्टीनं. पोरांना खड्ड्यावर दगड ठेवू द्यावा, रुईचं फूल वाहू द्यावं. त्यात हसण्यासारखं काही नाही. मात्र दोन-तीन दिवसांत एकाहून जास्त कोंबड्या एकाएकी गेल्या, तर उघड्या हातानं शिवू नये आणि पुरायची घाई करू नये. आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावं. औंधच्या रोग अन्वेषण विभागात तपासणी होऊ शकते. कारण कळणं हा मोठा दिलासा असतो. कारण कळलं नाही की माणूस स्वतःलाच कारण मानतो.

पोरांशी खोटं बोलू नये. ‘गावाला गेली’ असं सांगितलेलं पोर रोज संध्याकाळी दारात उभं राहतं. पाच वर्षांखालच्या मुलाला मेलेलं परत येत नाही हे उमगायला वेळ लागतो, म्हणून तेच उत्तर चार वेळा द्यावं लागतं. कोंबडी ताटात आली असेल तर तेही सांगावं, आणि ज्याला खायचं नाही त्याला आग्रह करू नये.

मोठ्यांना आधार मिळतो तो रोजच्या कामातून. उरलेल्या कोंबड्यांना दाणे घालायचे असतात, संध्याकाळी मोजायचं असतंच. एकच उरली असेल तर तिला एकटी ठेवू नये. कोंबडी कळपाचं जनावर आहे, एकटी कुढते, खाणं टाकते. नवी आणायची तर तीन-चार आठवडे वेगळी ठेवून मगच मिसळावी. खुराडंच रिकामं झालं असेल तर भुसा जाळावा, चुना मारावा, दार सताड उघडं ठेवून ऊन खाऊ द्यावं आणि महिनाभर नवी पिल्लं आणू नयेत. या महिन्याचा उपयोग माणसांनाही होतो. दुसऱ्याच दिवशी बाजारातून आणलेली तलंग बहुधा रागाची धनी होते. ती पहिलीसारखी नाही हा तिचा दोष ठरतो. झोप उडणं, जेवण तुटणं असं आठवडेच्या आठवडे चाललं, विशेषतः एकट्या राहणाऱ्याचं, तर टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करायला संकोच करू नये. तिथं मराठीतून बोलता येतं, आणि कोंबडी गेली हे कारण सांगायला कमीपणा मानायचं कारण नाही.

ज्यांच्याकडे मेलेल्या कोंबडीची अंडी उरली आहेत आणि कोंबडी रोगानं गेलेली नाही, त्यांना आणखी एक वाट असते. आठवड्याच्या आतली अंडी शेजारच्या खुडूक कोंबडीखाली ठेवतात, एका बैठकीला दहा-बारा. सातव्या-आठव्या रात्री अंधारात बॅटरीवर अंडं धरलं की आत शिरांचं जाळं दिसतं. नुसतं पिवळं दिसलेलं अंडं बाजूला काढायचं. एकविसाव्या दिवशी टवके उडायला लागतात. त्यातलं एखादं पिल्लू तांबडं निघालं, तर नाव शोधावं लागत नाही.