‘सिलेक्ट स्टार’विषयीचे गैरसमज

डेटाबेस शिकताना बहुतेकांची पहिली क्वेरी ‘सिलेक्ट स्टार’चीच असते. स्टार, म्हणजे सगळे कॉलम दे. टेबलमध्ये काय आहे ते नुसतं चाळायचं असेल, तर ती योग्यच आहे. पण तोच स्टार पुढे कामाच्या प्रोग्रॅममध्ये मुक्काम ठोकतो, आणि त्याच्याविषयी दोन्ही बाजूंनी चुकीचं ऐकायला मिळतं.

गैरसमज: कॉलम कमी मागितले की डिस्कवरचं वाचन तितकंच कमी होतं.

वस्तुस्थिती: पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये ओळ एकत्र साठवलेली असते आणि वाचन पानापानानं होतं. एरवी पोस्टग्रेसचं पान 8 केबीचं, इनोडीबीचं 16 केबीचं. नुसतं नाव मागा किंवा नाव, गाव आणि जन्मतारीख मागा. उचललं जातं ते अख्खं पान. त्यामुळे चार लहान कॉलम गाळून वेगात फरक दिसला नाही, तर त्यात नवल नाही.

गैरसमज: मग सगळेच मागितले तरी काय बिघडलं?

वस्तुस्थिती: बरंच बिघडतं. पोस्टग्रेसमध्ये ओळ साधारण 2 केबीच्या पुढे गेली की मोठा मजकूर आधी दाबून लहान केला जातो, आणि तरीही मावला नाही तर वेगळ्या टेबलात ठेवला जातो. तो कॉलम मागितलाच नाही, तर तिकडे जावं लागत नाही. समजा, ग्राहकांच्या टेबलमध्ये प्रत्येकी 200 केबीचं स्कॅन केलेलं ओळखपत्र आहे. 500 जणांची नावं आणि फोन नंबर काही केबींत येतात. स्टार लिहिला, तर नेटवर्कवरून सुमारे 100 एमबी वाहून आणावे लागतात.

इंडेक्सचंही तसंच. अटीतले आणि मागितलेले सगळे कॉलम इंडेक्समध्ये असले, तर पोस्टग्रेस बऱ्याचदा मूळ टेबलाला हात न लावता उत्तर देतं. ही सोय 2012 मध्ये 9.2 आवृत्तीत आली. इंडेक्सबाहेरचा एक जरी कॉलम मागितला, तरी ती हातची जाते. माझ्या मते स्टारमुळे होणारं हे सर्वांत दुर्लक्षित नुकसान आहे, कारण क्वेरीकडे पाहून ते दिसतच नाही. एक्सप्लेन चालवलं तरच कळतं.

गैरसमज: शेवटी ‘लिमिट 10’ लिहिलं की खर्च आटोक्यात.

वस्तुस्थिती: बिगक्वेरी कॉलमनुसार साठवण करतं आणि ऑन-डिमांड दरात वाचलेल्या बाइट्सचे पैसे लावतं. साध्या, क्लस्टर न केलेल्या टेबलवर दहाच ओळी मागितल्या, तरी बिल मागितलेल्या कॉलमांच्या पूर्ण वाचनाचं येतं. इथे मात्र कॉलम कमी केले की पैसे थेट वाचतात.

‘काउंट स्टार’ला या आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. तिथला स्टार म्हणजे फक्त ‘ओळी मोज’. इनोडीबीत ‘काउंट स्टार’ आणि ‘काउंट एक’ यांच्या वेगात काही फरक नसतो.

गैरसमज: स्टार लिहिला की पुढे जोडलेले कॉलम आपोआप मिळतात, म्हणून तो सोयीचा.

वस्तुस्थिती: सगळीकडे मिळत नाहीत. पोस्टग्रेसमध्ये व्ह्यू बनवताना स्टारच्या जागी त्या क्षणीचे कॉलम पक्के होतात. नंतर मूळ टेबलात जोडलेला कॉलम त्या व्ह्यूत दिसत नाही. आणि जिथे आपोआप मिळतात, तिथे काळजी जास्त. आज ग्राहकांच्या टेबलमध्ये नाव आणि गाव आहे. उद्या कोणी त्यात आधार क्रमांक जोडला आणि एपीआय स्टारचं उत्तर जसंच्या तसं पाठवत असेल, तर तो क्रमांक प्रत्येक ब्राउझरपर्यंत पोहोचतो. प्रोग्रॅमची एकही ओळ बदललेली नसते, म्हणून तपासणीतही कुणाचं लक्ष जात नाही.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये माणसांची माहिती असलेल्या टेबलवर स्टार असेल, तर वेगाचा विचार नंतर करा. ती क्वेरी आजच बदला.