होडीचें यंत्र लाटांतच कां थांबतें?

जुहूच्या वाळूवर संध्याकाळीं फिरावयास येणाऱ्या शहरवासीयांस मोरागांवच्या कोळ्यांच्या होड्या चांगल्या परिचयाच्या असतात. परंतु होडीच्या मागच्या फळीवर अडकविलेल्या यंत्राकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वर इंजिन, मध्यें उभा दांडा आणि खालीं पाण्यांत फिरणारा पंखा अशी सर्व रचना एकाच जोडणींत असलेलें हें आउटबोर्ड यंत्र होय. तें बाजारांत यशस्वी करण्याचें श्रेय अमेरिकेंतील मिलवॉकी येथील ओले एव्हिनरूड यास देतात. त्याच्या यंत्रांची विक्री १९०९ सालीं सुरू झाली. पुढें पुष्कळ सुधारणा झाल्या, तथापि जुन्या टू-स्ट्रोक यंत्राचा स्वभाव फारसा पालटलेला नाहीं. ठिणगी, हवा आणि इंधन या तिहींचा मेळ बसला कीं तें चालतें. एक चुकलें कीं थांबतें. जुन्या यंत्रांत बहुधा चुकतें तें इंधन.

उघड्या वाळूवरून होडी लोटावयाची म्हणजे फुटणाऱ्या लाटांची रांग ओलांडणें आलेंच. आतां, काठावर उत्तम आवाज देणारें यंत्र नेमकें त्या रांगेंतच कां थांबावें? याला दैव म्हणण्याची रीत आहे. पण त्यांत दैव थोडें आणि पदार्थविज्ञान अधिक. टाकी स्थिर असते तेव्हां तिच्यांतील पाणी, वाळूचे कण आणि गंज तळाशीं निवांत बसलेले असतात. लाटेनें टाकी हिंदकळली कीं हा सारा गाळ उठतो आणि इंधन ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशीं जातो. यंत्र थांबतें, होडी लाटेला आडवी होते, आणि आडव्या होडीवर पुढची लाट आदळली म्हणजे ती उलटण्यास क्षणही पुरतो. इंधनाच्या वाटेची परीक्षा हा केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा प्रश्न नव्हे, तो असा.

ही वाट एकच आणि सरळ आहे: टाकी, नळी, हातानें दाबावयाचा रबरी फुगा, गाळणी, पंप, कार्बुरेटर आणि शेवटीं सिलिंडर. दोष शोधणाऱ्यानें टाकीकडून निघावें आणि एकेक मुक्काम तपासीत पुढें जावें. पुष्कळ लोक याच्या उलट करतात; पहिल्या झटक्यासच कार्बुरेटर उकलून बसतात आणि बारीक स्क्रू वाळूंत हरवितात.

त्याआधीं प्लग काढून पाहावा. दोरी वारंवार ओढूनही प्लग कोरडा राहिला, तर इंधन पोहोंचत नाहीं हें निश्चित. तो भिजलेला असेल, तर इंधन येतें आहे. मग एक तर तें फाजील येतें, किंवा त्यांत पाणी आहे, किंवा दोष ठिणगीचा आहे. एवढ्या एका पाहणीनें अर्धें काम होतें.

आतां टाकी. तिच्या झांकणावर हवेसाठीं लहान स्क्रू असतो. तो बंद राहिला तर इंधन जसजसें कमी होतें तसतशी आंत पोकळी निर्माण होते आणि कांहीं मिनिटांनीं यंत्र गुदमरून थांबतें. झांकण सैल करतांच हवा फुसकन आंत शिरली आणि यंत्र पुन्हां चालूं लागलें, तर रोग व उपाय दोन्ही एकदमच सांपडले. इतक्या क्षुल्लक कारणानें थांबलेलीं यंत्रें कारागिराकडे वाहून नेलीं जातात, हें नवलच.

रबरी फुगा हा तर या यंत्राची नाडीच आहे. त्यावरील बाणाचें तोंड यंत्राकडे असावें. दाबतां दाबतां तो कठीण झाला पाहिजे. कठीण होतच नसेल तर टाकी रिकामी आहे, नळींत कोठें तरी हवा शिरते आहे, किंवा कार्बुरेटरांतील सुईची झडप उघडी राहून इंधन वाहून जातें आहे. यंत्र चालू असतांना फुगा आंत ओढला जाऊन चपटा होत असेल, तर अडथळा फुग्याच्या मागें, म्हणजे टाकीकडे आहे. आणि यंत्र मंदावत असतांना फुगा दाबल्यानें त्यास पुन्हां जोर येत असेल, तर पंपाचा पातळ पडदा थकला असें समजावें. नाखव्याचा हात या फुग्यावर बसलेला असतो. छापील पुस्तकापेक्षां तो हात पुष्कळदां अधिक सांगतो.

पाण्याची परीक्षा कांचेच्या बाटलीनें होते. टाकीच्या अगदीं तळाचें इंधन बाटलींत घेऊन तें स्थिर होऊं द्यावें. खालीं वेगळा थर दिसला तर पाणी आहे. येथें अलीकडचा एक बदल ध्यानांत घेतला पाहिजे. भारतांत पेट्रोलमध्यें इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, मिसळण्याची योजना २००३ सालीं सुरू झाली तेव्हां त्याचें प्रमाण ५ टक्के होतें. तें २०२२ सालीं १० आणि २०२५ सालीं २० टक्क्यांवर आलें. मद्यार्क पाणी ओढून घेतो. थोडें पाणी अशा पेट्रोलांत विरून जातें. परंतु मर्यादा ओलांडली कीं पाणी व मद्यार्क एकत्र होऊन तळाशीं उतरतात. टू-स्ट्रोक यंत्राचें वंगणतेल पेट्रोलांतच मिसळलेलें असतें, आणि तें राहतें वरच्या थरांत. नळी मात्र खालचा थर ओढते. यंत्र सुरू राहिलेंच तर तें वंगणावांचून राहतें, आणि दट्ट्या सिलिंडरला घट्ट धरून बसतो. शिवाय जुन्या नळ्यांचें रबर मद्यार्कानें फुगतें, मऊ पडतें, आणि त्याचे कण पुढें गाळणींत अडकतात. जुनें यंत्र वापरणाऱ्यानें नळ्या बदलण्याच्या बाबतींत कंजूषपणा करूं नये.

एवढें सर्व ठीक निघालें तरच कार्बुरेटरकडे वळावें. यंत्र मंद चालतें पण वेग देतांच दम तोडतें, अशा वेळीं मोठें छिद्र तुंबलेलें असतें. वेगांत चालतें पण मंद ठेवतांच थांबतें, अशा वेळीं लहान. चोक थोडा ओढल्यानें चाल सुधारली तर इंधन कमी पडतें आहे हें ठरलें. छिद्र साफ करतांना तार घालूं नये. स्टोव्हला पिन मारण्याची संवय ज्या घरांत होती त्यांस हें विचित्र वाटेल. पण पितळेचें हें छिद्र मापून पाडलेलें असतें, तारेनें तें रुंदावलें कीं माप कायमचें बिघडतें. कार्बुरेटर धुण्याच्या द्रवांत तें भिजवावें आणि हवेच्या झोतानें फुंकावें. तळाच्या वाटींत पांढरी भुकटी दिसली, तर खारें पाणी तेथवर पोहोंचून धातु खाऊं लागलें आहे.

कांहीं यंत्रें पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर वळवावयाचीं असतात. थंड यंत्रांत रॉकेलची वाफ नीट होत नाहीं. म्हणून बंद करण्यापूर्वीं कांहीं वेळ तें पुन्हां पेट्रोलवर चालविलें पाहिजे. हें विसरल्यास कार्बुरेटरांत रॉकेल उरतें, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे दोरी ओढून ओढून खांदे भरून येतात. यंत्रांत मोडलेलें कांहींच नसतें.

ही सर्व तपासणी वाळूवर, वाऱ्यांत आणि विडी-काडी दूर ठेवून करावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असल्यामुळें ती होडीच्या तळाशीं सांचते व दिसत नाहीं. पाण्यांत यंत्र थांबलेंच, तर आधीं वल्ह्यांनीं होडीचें तोंड लाटेकडे करावें, दोरी पुरेल तेथें नांगर टाकावा, आणि मगच फुग्यास हात घालावा.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अलीकडच्या वर्षांत १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते, आणि यंत्रांची खरी हानि या विश्रांतींतच होते. कार्बुरेटरांत उरलेलें पेट्रोल उडून जातें, मागें चिकट लाखेसारखा लेप राहतो. अर्धवट भरलेल्या टाकींत पावसाळी दमटपणा शिरतो. मे महिन्याच्या अखेरीस यंत्र पाण्याच्या पिंपांत उभें करून इंधनाची नळी काढावी आणि तें आपोआप थांबेपर्यंत चालूं द्यावें. पाण्याबाहेर चालविल्यास थंडाव्याच्या पंपाचें रबर जळतें. टाकी रिकामी करून, पुसून, झांकण लावून घरांत ठेवावी. मग नारळी पौर्णिमेच्या सुमारास ताजें पेट्रोल व तेल पुस्तकांत दिलेल्या प्रमाणांत मिसळून भरावें, आणि पहिली फेरी भांगाच्या दिवसांत, काठाजवळच मारून पाहावी.