सोन्याचे कण आणि अल्झायमरची चाहूल

अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड-बीटा हे प्रथिन साचत जाते. जेमतेम 40-42 अमिनो आम्लांच्या या साखळ्या आधी छोट्या पुंजक्यांत जमतात, मग त्यांचे तंतू आणि चट्टे बनतात. सुरुवातीचे विरघळणारे पुंजकेच चेतापेशींना सर्वाधिक घातक, असे अनेक संशोधक मानतात. अबू धाबीतील न्यूयॉर्क विद्यापीठाच्या सादियात बेटावरील संकुलात माझिन मगझूब यांचा गट प्रथिनांच्या याच साचण्याचा अभ्यास करतो. 2017 मध्ये या गटाने अमेरिकेतील सहकाऱ्यांसह ही प्रक्रिया रोखणाऱ्या कृत्रिम रेणूंवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला.

पण रोखण्याआधी पुंजके सापडायला हवेत, आणि तिथे धातूचे नॅनोकण कामी येतात. सुमारे 13 नॅनोमीटरचे सोन्याचे कण पाण्यात लालबुंद दिसतात, कारण त्यांच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉन 520 नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाबरोबर एकसाथ डोलतात आणि तो शोषून घेतात. प्रथिनाच्या पुंजक्यामुळे हे कण एकमेकांजवळ आले, की तोच द्रव जांभळट-निळा होतो. हा बदल साध्या डोळ्यांनाही दिसतो, ही यातली खरी गंमत!

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने 2005 मध्ये याहून सूक्ष्म पद्धत दाखवली. चुंबकीय कणांवरील प्रतिपिंडे मेंदू-मज्जाद्रवातील पुंजके पकडतात. मग डीएनएचे शेकडो धागे लावलेले सोन्याचे कण त्यांना चिकटतात. हे धागे सोडवून मोजले, की अत्यल्प पुंजक्यांचाही माग लागतो.

अडचण नमुन्याचीच आहे. रक्तातील क्षार आणि इतर प्रथिनेही कणांना एकत्र आणतात किंवा झाकून टाकतात. शिवाय हे कण स्वतःच पुंजके बनण्याचा वेग बदलू शकतात.