शिरेतील नळी तुंबणे आणि जोडणीची रचना

शिरेत बसविलेली नळी तुंबली की तिच्यात रक्त साकळले, असे सांगून विषय संपविण्यात येतो. औषधांच्या परस्परक्रियेने बसणारा साका हे निराळे कारण होय. त्याचा येथे विचार नाही. परंतु रक्त नळीत शिरलेच कसे, हा प्रश्न साकळण्याच्या आधीचा आहे. त्याचे उत्तर पुष्कळदा नळीच्या बाहेरच्या टोकाशी, सिरिंज लावण्याच्या सुईविरहित जोडणीत सापडते.

परिचारिकांना सुई टोचू नये म्हणून ही जोडणी १९९०च्या दशकात रूढ झाली; अमेरिकेत २००० साली तदर्थ कायदाही झाला. तिच्या साध्या प्रकारात चीर असलेल्या रबरी पडद्यातून सिरिंजची तोटी आत जाते व आपल्या आकारमानाइतकी जागा व्यापते. तोटी काढताच ती जागा रिकामी होते, द्रव मागे सरकतो आणि त्याच्यामागोमाग शिरेतील रक्त नळीत ओढले जाते. यास ऋण विस्थापन म्हणता येईल. प्रमाण क्षुल्लक वाटते खरे. पण १ मिलिमीटर अंतर्व्यासाच्या नळीत अवघे २० घन मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या थेंबाहूनही कमी रक्त सुमारे २५ मिलिमीटर लांबी व्यापते.

धन विस्थापनाच्या झडपेत याच्या उलट घडते. सिरिंज लावताना आतील पोकळी विस्तारते; काढताना ती आकुंचन पावून थोडा द्रव शिरेकडे लोटते. म्हणूनच नळीवरील चिमटा केव्हा लावावा, हे जोडणीवर अवलंबून राहते. ऋण प्रकारात आधी चिमटा, मग सिरिंज काढणे. धन प्रकारात आधी सिरिंज काढणे, मग चिमटा. एकाच कक्षात दोन्ही प्रकार मिसळले, तर हाताला बसलेली योग्य सवयच घातक ठरते. खरेदी करणाऱ्यांच्या हे क्वचितच ध्यानी येते.

तथापि धन विस्थापन म्हणजे सर्वस्वी लाभ नव्हे. अशा झडपांचा रक्तप्रवाहातील जंतुसंसर्गाशी संबंध असावा, अशी शंका आल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० साली उत्पादकांना अधिक अभ्यास करण्यास सांगितले. पुढील रचनांत दाबाने उघडणारा लवचिक पडदा आला. रुग्ण खोकला वा हालला असता शिरेतील दाब बदलून रक्त मागे येते, त्यासही तो अटकाव करतो.

सिरिंजचा दोष मात्र जोडणीने पुरता निवारत नाही. दट्ट्या तळापर्यंत दाबल्यास त्याचे रबर दबते आणि हात सैल होताच उसळी घेऊन रक्त मागे खेचते. म्हणून सिरिंजमध्ये अर्धा ते एक मिलिलिटर द्रव शिल्लक ठेवावा लागतो.