चौकट : 144 फोटोंचा एक वॉलपेपर

साधन : इमेजमॅजिक. 1987 मध्ये जॉन क्रिस्टी यांनी ड्युपाँट कंपनीत लिहायला घेतलेला, 1990 मध्ये सर्वांसाठी मोफत खुला झालेला, चित्रांवर काम करणाऱ्या कमांडचा संच. त्यातली 'मॉन्टाज' ही कमांड फोटो ओळीत मांडते.

हिशोब : 1920 × 1080 पिक्सेलचा स्क्रीन 120 पिक्सेलच्या चौरसांत नेमका बसतो, आडवे 16, उभे 9, एकूण 144.

स्क्रिप्टचे टप्पे :
• फोल्डरमधल्या फोटोंची यादी करून 'शफ' कमांडने त्यातले कोणतेही 144 निवडणे.
• प्रत्येक फोटो लहान करून मधला चौरस कापणे. नुसता आकार बदलला, तर आडव्या फोटोंच्या वर-खाली पट्ट्या उरतात.
• 'मॉन्टाज'ला 16 × 9 ची मांडणी आणि शून्य अंतर सांगणे.

सांभाळा : 145 वा फोटो दिलात, तर तो दुसऱ्या फाइलीत जातो. मूळ मोठे फोटो एकदम उघडू नका, मेमरी पुरत नाही. आधी लघुप्रती करून ठेवा.

पुढची पायरी : फोटो एका पिक्सेलएवढा केला की त्याचा सरासरी रंग हाती येतो. रंग जुळवून तुकडे लावले, तर त्यांतून एखादा चेहराही उभा करता येतो.