उड्डाण-सरावातील आभासी वास्तव

उड्डाण-सरावातील आभासी वास्तव म्हणजे डोळ्यांवर बसवलेल्या व्हीआर हेडसेटच्या साहाय्याने, संगणकाने निर्माण केलेल्या कॉकपिटमधून केलेला विमानचालनाचा सराव होय. साध्या सिम्युलेटरमध्ये वैमानिक पडद्याकडे पाहतो. येथे तो मान वळवील तिकडचे दृश्य त्याला दिसते. हा सराव छंद म्हणून घरी केला जातो, तसेच काही देशांत मान्यताप्राप्त प्रशिक्षणातही त्याचा अंतर्भाव झाला आहे. त्याची उपयुक्तता सर्व विमानप्रकारांत सारखी नाही. हेलिकॉप्टर, ग्लायडर आणि लहान प्रशिक्षण विमान यांना त्याचा जितका लाभ होतो, तितका मोठ्या प्रवासी विमानांना होत नाही.

पूर्वपीठिका

जमिनीवर बसून उडायला शिकवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ साली तयार केलेला 'लिंक ट्रेनर' हा या परंपरेतील प्रसिद्ध आरंभबिंदू. लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता, आणि त्या वाद्यांतील भात्यांवरच हे लाकडी विमान डुलत असे. बाजाच्या पेटीचा भाता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही यंत्ररचना समजावून सांगण्याची गरज नाही. भारतात याच सुमारास मुंबईच्या जुहू येथे विमानचालनाचे शिक्षण सुरू झाले होते. बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना १९२८ ची. तेथे शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना मिळाला.

डोक्यावर चढवण्याचा पडदा आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये बनवला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. १९८० च्या दशकात अमेरिकी हवाई दलासाठी थॉमस फर्नेस यांनी लढाऊ वैमानिकांकरिता अशा प्रकारचे शिरस्त्राण विकसित केले. सर्वसामान्यांच्या आवाक्यातील हेडसेट मात्र २०१६ साली ऑक्युलस रिफ्ट बाजारात आल्यावरच मिळू लागले. त्यानंतर एक्स-प्लेन ११ ने २०१८ मध्ये आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरने डिसेंबर २०२० मध्ये व्हीआरची सोय दिली.

कार्यपद्धती

हेडसेटमधील दोन भिंगांमागे दोन्ही डोळ्यांसाठी किंचित वेगळी चित्रे उमटतात, त्यामुळे खोलीचा भास होतो. डोके वळले, झुकले किंवा पुढे सरकले की संवेदक ती हालचाल टिपतात आणि त्यानुसार दृश्य बदलते. हा बदल जाणवेल इतका उशिरा झाला तर मळमळू लागते. म्हणून सेकंदाला साधारण ९० चित्रे दाखवण्याचा प्रयत्न असतो. संगणकावर पडणारा सर्वाधिक भार हाच.

खोलीच्या भासाविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. दोन डोळ्यांमुळे मिळणारे अंतराचे ज्ञान मुख्यतः जवळच्या वस्तूंपुरतेच उपयोगी पडते. कॉकपिटमधील कळा, शेजारून उडणारे विमान, हेलिकॉप्टरखालची जमीन यांबाबत ते मोलाचे आहे. दोन किलोमीटरवरच्या धावपट्टीबाबत नाही. तिचे अंतर वैमानिक तिच्या आकारावरून, म्हणजे ती किती निमुळती, किती लांबट दिसते यावरून ओळखतो, आणि ते सपाट पडद्यावरही दिसतेच. हेडसेटचा खरा फायदा मान वळवता येण्यात आहे.

निरोगी डोळ्याला एका अंशात सुमारे ६० बिंदू वेगळे ओळखता येतात. पहिल्या रिफ्टमध्ये ते दहा-बारा होते, २०२३ च्या क्वेस्ट ३ मध्ये सुमारे २५ आहेत. म्हणून आजही लहान अंक वाचण्यासाठी वापरणाऱ्याला उपकरणफलकावर ओणवे व्हावे लागते. ही सवय खऱ्या विमानात अर्थातच निरुपयोगी. दृश्याची रुंदीही अपुरी असते: माणसाला आडव्या दिशेने जवळजवळ २०० अंशांपर्यंत दिसते, हेडसेटमध्ये साधारण १०० ते ११०.

विमानप्रकारांनुसार उपयोग

सेसना १७२ सारख्या लहान विमानाचा विद्यार्थी सर्वाधिक वेळ 'सर्किट' घालण्यात घालवतो. धावपट्टीला समांतर उलट दिशेने जायचे, तिचे टोक खांद्यामागे साधारण ४५ अंशांवर गेले की वळायचे, आणि पुन्हा वळून उतरायचे. ही खूण मागे वळून पाहिल्याशिवाय सापडत नाही. पडद्यासमोर बसलेला विद्यार्थी बटण दाबून बाजूचे दृश्य आणतो आणि तेवढ्यात त्याचे विमान भरकटते. हेडसेट घातलेला विद्यार्थी केवळ मान वळवतो. सेसनाचे पंख डोक्यावर असल्याने वळताना आतल्या बाजूचा पंख खाली येतो व धावपट्टी झाकून टाकतो, तर खालच्या पंखांच्या पायपर विमानांत उलट घडते. हा फरक पुस्तकात वाचून कळतो. मान वळवून एकदा अनुभवला की विसरत नाही.

ग्लायडरला इंजिन नसते. वर जाणाऱ्या उष्ण हवेच्या स्तंभात गोल फिरत तो उंची मिळवतो, आणि त्याच स्तंभात इतर ग्लायडरही असू शकतात. त्यामुळे नजर सतत बाहेर, वळणाच्या आतल्या बाजूला ठेवावी लागते. पुण्यातील हडपसर येथील ग्लायडिंग केंद्रात शिकणाऱ्यांना ही शिस्त पहिल्या दिवसापासून लागते. काँडॉर २ सारख्या केवळ ग्लायडरसाठीच्या सिम्युलेटरमध्ये व्हीआर वापरणारे अनेक आहेत, ते याच कारणाने.

हेलिकॉप्टर एका जागी तरंगत ठेवणे हे बहुधा सर्वांत कठीण कौशल्य. विमान हातभर जरी सरकले तरी ते जमिनीच्या पोतावरून, जवळच्या वस्तूंच्या सापेक्ष हालचालीवरून ओळखावे लागते, आणि येथे दोन डोळ्यांची दृष्टी व पायाजवळच्या काचेतून खाली पाहणे या दोन्हींचा उपयोग होतो. स्वित्झर्लंडमधील लॉफ्ट डायनॅमिक्स या कंपनीच्या (पूर्वीचे नाव व्हीआरएम स्वित्झर्लंड) रॉबिन्सन आर२२ हेलिकॉप्टरच्या व्हीआर साधनाला २०२१ मध्ये युरोपीय, तर २०२४ मध्ये अमेरिकी नियामकाची मान्यता मिळाली. हे साधन घरगुती हेडसेटहून वेगळे आहे. त्यात हलणारे आसन आणि खरी नियंत्रणे असतात. जुहूहून अरबी समुद्रातील तेलफलाटांकडे हेलिकॉप्टरची नित्य ये-जा असते. समुद्रावर पोत नसतो आणि फलाटावरची उतरण्याची जागा लहान असते, हे लक्षात घेता अशा सरावाचे महत्त्व मुंबईला वेगळे सांगायला नको.

लढाऊ विमानांच्या डीसीएस वर्ल्डसारख्या सिम्युलेटरमध्ये शत्रूवर नजर ठेवणे, रांगेत उडणे व हवेत इंधन भरणे यांसाठी हेडसेट पसंत केला जातो. अमेरिकी हवाई दलानेही २०१८ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे व्हीआरवर भर देणारा प्रायोगिक वर्ग सुरू केला.

एअरबस ए३२० किंवा बोईंग ७३७ यांचे काम मात्र बहुतांशी वाचण्याचे, टंकण्याचे आणि दोघांनी मिळून तपासण्याचे असते. हेडसेट घातला की समोरचा कळफलक, कागदी नकाशा, शेजारच्या वैमानिकाचा हात, काहीच दिसत नाही. कळा कोणत्या क्रमाने हाताळायच्या हे पाठ करण्यासाठी व्हीआर उपयोगी आहे. त्यापुढे हलणाऱ्या पूर्ण आकाराच्या सिम्युलेटरला अद्याप पर्याय नाही.

मुंबईतील दोन धावपट्ट्या

बाहेर पाहण्याचे शिक्षण का आवश्यक आहे, याची उदाहरणे मुंबईच्याच इतिहासात आहेत. जुहू आणि सांताक्रूझ ही विमानतळे एकमेकांपासून तीन-चार किलोमीटरवर असून दोन्हींच्या पूर्व-पश्चिम धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेच्या आहेत. १९५३ साली बीओएसीचे कॉमेट जेट विमान सांताक्रूझऐवजी जुहूच्या तोकड्या धावपट्टीवर उतरले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाच्या बाबतीत तेच घडले. ते धावपट्टी ओलांडून पुढे गेले व निकामी झाले. सुदैवाने कोणी दगावले नाही. आजच्या सिम्युलेटरांत उपग्रहचित्रांवरून उभी केलेली मुंबई असते. समुद्राकडून येताना आधी जुहू व मागे सांताक्रूझ कसे दिसते हे विद्यार्थी घरबसल्या, हव्या त्या प्रकाशात पाहू शकतो.

शरीराची फसवणूक आणि हेडसेटची मर्यादा

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे बोईंग ७४७ विमान मुंबईहून दुबईला निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. विमानातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. उजवे वळण घेऊन विमान सरळ झाल्यावरही कप्तानासमोरचे कलदर्शक उपकरण ते उजवीकडे कललेलेच दाखवत राहिले. खाली काळोखा समुद्र, क्षितिज नाही. कप्तानाने विमान डावीकडे कलवले, आणि ते कलतच गेले. सहवैमानिकासमोर स्वतंत्र कलदर्शक होता, मध्यभागी तिसरा राखीव होता; तिन्हींची तुलना वेळेत झाली नाही.

अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव सावकाश, स्थिर वळणात काही काळाने स्थिरावतो, आणि मग वळण जाणवेनासे होते. सरळ झाल्यावर उलट बाजूस वळत असल्याचा भास होतो. हेडसेटमध्ये याच्या नेमके विरुद्ध घडते: डोळे वळण पाहतात, कान ते नाकारतो. व्हीआरमधील मळमळ यातूनच येते. याचा अर्थ असा की खुर्चीत बसून कितीही तास उडवले, तरी शरीर खोटे बोलते तेव्हा कसे वाटते हे हेडसेट शिकवू शकत नाही. मात्र बिघडलेले उपकरण, अंधारा समुद्र आणि मान वळवून दुसऱ्या व तिसऱ्या उपकरणाशी ताळा पाहण्याची सवय एवढे त्यात निश्चित घोटवून घेता येते. प्रस्तुत विषयात सर्वांत दुर्लक्षित राहिलेला उपयोग हाच म्हणावा लागेल. बहुतेक छंदी लोक स्वच्छ दुपारच्या उजेडातच उडतात.

घरगुती वापर

तीन मोठे पडदे आणि सुकाणू मांडायला जागा लागते. हेडसेटला एक खुर्ची पुरते. घोडपदेव, काळाचौकी किंवा लालबागेतील दहा बाय बाराच्या खोलीत हा फरक निर्णायक ठरतो. मुंबईच्या दमट हवेत भिंगांवर वाफ धरते, म्हणून समोर पंखा ठेवतात. त्याचा वारा एका ठरावीक बाजूने लागल्याने दिशेचे भान राहते व मळमळही कमी होते. चष्मा असणाऱ्यांनी नंबराची भिंगे बसवून घेणे सोयीचे. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटांहून अधिक वेळ बसू नये, आणि मळमळ सुरू होताच थांबावे. ती रेटून नेल्याने सवय होत नाही, धास्तीच बसते. मुलांसाठी उत्पादकांची वयोमर्यादा असते: मेटा कंपनीने ती २०२३ मध्ये १३ वरून १० वर्षांवर आणली. खरेदीपूर्वी संगणकप्रणालीचा पाठिंबा तपासावा. एचपी रिव्हर्ब जी२ हा सिम्युलेटर वापरणाऱ्यांचा आवडता हेडसेट होता, पण विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीतून मायक्रोसॉफ्टने त्याला लागणारी प्रणालीच वगळली.

भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण आवश्यक आहे. धुळे, बारामती किंवा गोंदिया येथे शिकणाऱ्या विद्यार्थ्याने घरी हेडसेट लावून केलेला सराव या तासांत धरला जात नाही. नोंदवहीत सिम्युलेटरचा वेळ लिहायचा तर ते साधन नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेले असावे लागते.