रिकामे जाळे आणि गळकी होडी

उजनी धरणाच्या फुगवट्यावरची मासेमारी संध्याकाळी सुरू होते आणि पहाटे तिचा निकाल लागतो. माढा तालुक्यात भीमेवर बांधलेले हे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याचे पाणी मागे करमाळा आणि इंदापूर तालुक्यांच्या हद्दीत दूरवर पसरले असून भिगवणचा मासळी बाजार या पाण्यावरच चालतो. इथली रोजची कमाई मुख्यतः चिलापीची. कटला, रोहू, मृगळ हे मासे प्रजननासाठी पुराचे वाहते पाणी शोधतात, म्हणून जलाशयात त्यांचे बीज सोडावे लागते. चिलापीला तशी गरज नाही. मादी अंडी तोंडात सांभाळते आणि साचलेल्या पाण्यातही पिलावळ वाढत राहते.

मासे धरायला कल्ला जाळे वापरतात. नायलॉनच्या बारीक धाग्याची ही उभी भिंत पाण्यात टांगलेली राहते. वरच्या दोरीला थर्माकोलचे तुकडे, खालच्या दोरीला शिशाचे मणी किंवा दगड, आणि दोन्ही टोकांना खूण म्हणून प्लास्टिकचे रिकामे कॅन. एक जण वल्हे मारतो, दुसरा जाळे हळूहळू पाण्यात सोडतो. माशाचे डोके आसातून, म्हणजे जाळ्याच्या चौकटीतून, पुढे जाते, पण अंग जात नाही. मागे सरकू लागला की कल्ल्याच्या झाकणात धागा अडकतो. आस मोठा असेल तर मासा पार होतो, लहान असेल तर डोकेच आत शिरत नाही. म्हणून एका मापाच्या जाळ्यात साधारण एका मापाचाच मासा लागतो. आणि जाळे माशाच्या मागे जात नाही, मासा जाळ्याकडे यावा लागतो. मासा हललाच नाही तर चांगले जाळेही रिकामे येते.

मासळी नसलेल्या पहाटेचा अंदाज पहिल्या काही हातांतच येतो. भरलेले जाळे ओढताना दोरीला धक्के बसतात. रिकामे नुसते जड लागते आणि ते वजन पाण्याचे, शेवाळाचे आणि जलपर्णीच्या मुळांचे असते. आसांत शंखशिंपले अडकलेले असतात. मध्येच हाताएवढे भगदाड दिसते. त्याच्या कडेचे धागे ताणून तुटलेले असतील तर जाळे तळाच्या खुंटाला किंवा दगडाला अडकले होते. कुरतडल्यासारखे तुकडे असतील तर ते काम खेकड्याचे. दोन-चार बोटभर चिलापी आणि एखादा काटेरी शिंगाडा मासा एवढीच जमा असते. शिंगाड्याचा काटा धाग्यात इतका गुंततो की तो सोडवायला वेळ जातो आणि मिळते काहीच नाही.

जाळे रिकामे येण्यामागे कारणे असतात. चांदण्या रात्री आणि नितळ पाण्यात माशाला जाळे दिसते. थंडीत पाणी गार झाले की चिलापीची हालचाल मंदावते. वारा जोराचा असेल तर लाटा जाळ्याची गुंडाळी करतात आणि उभी भिंत उरतच नाही. जलपर्णीचा थर वाऱ्याने सरकत आला तर जाळे, दोरी, कॅन सगळे त्याखाली दाबले जाते आणि सकाळी जाळे शोधण्यातच वेळ जातो. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत उतरते. त्यातील पोषकद्रव्यांवर जलपर्णी आणि शेवाळ दोन्ही माजतात. शेवाळ रात्री पाण्यातला प्राणवायू वापरते, तो पहाटे सर्वांत कमी असतो आणि मासा ती जागा सोडून दुसरीकडे जातो.

सगळ्यांत मोठा फरक पाण्याच्या पातळीचा. उजनीचा उपयुक्त साठा सुमारे ५३.५ टीएमसी आणि मृतसाठा सुमारे ६३.६ टीएमसी आहे. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात, त्यामुळे उन्हाळ्यात मृतसाठ्यातले पाणी वापरात आले की धरण ‘उणे’ होते. उणे ५० टक्के म्हणजे धरण कोरडे नव्हे. सुमारे ३७ टीएमसी पाणी तेव्हाही शिल्लक असते. पण काठ बराच मागे हटतो. कालपर्यंत मासा चरत होता ती गवताळ उथळ जागा उघडी पडते आणि मासा जुन्या नदीपात्राच्या खोलीकडे उतरतो. त्याच वेळी बुडालेल्या गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे आणि बाभळींचे खुंट पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येतात. जाळी इथेच फाटतात आणि होड्यांचे तळही इथेच खरवडतात.

म्हणून मासळी नसलेल्या दिवशी दुरुस्ती निघते. जाळे आधी धुऊन सावलीत पसरतात, कारण कडक उन्हात नायलॉन कडक होऊन तुटू लागते. भोकाच्या कडा कापून सरळ केल्याशिवाय नवा आस बसत नाही. दोन टोकांच्या पट्टीसारख्या सुईवर धागा गुंडाळलेला असतो. बोटाच्या किंवा पट्टीच्या मापाने एकेक आस घेत गाठ आवळली जाते. गाठ सरकली तर आसाचे माप बिघडते, म्हणून प्रत्येक गाठ ओढून पाहतात. भोके फारच झाली तर तेवढा तुकडा काढून दोऱ्या, थर्माकोल आणि मणी नव्या जाळ्याला लावतात.

होडीचे काम तिला पालथी घालून सुरू होते. तळाचे शेवाळ खरवडून काढल्याशिवाय गळती सापडत नाही. सापडत नसेल तर होडी सुलटी करून आत पाणी भरतात आणि बाहेर थेंब कुठे फुटतो ते पाहतात. लाकडी होडीच्या सांध्यातला जुना मसाला कोरून तिथे डांबरात भिजवलेला ताग किंवा कापूस बोथट छिन्नीने ठोकून बसवतात आणि वरून गरम डांबराचा हात देतात. फळी ओली असेल तर डांबर धरत नाही, म्हणून आधी वाळवावी लागते. पण होडी फार दिवस उन्हात कोरडी राहिली तर फळ्या आकसून नव्या फटी पडतात. पत्र्याच्या होडीत गंज शोधावा लागतो. हातोडीने हलके ठोकल्यावर चांगला पत्रा खणखणतो, गंजलेला बद्द वाजतो. तिथे ठिगळ जोडून रेड ऑक्साइडचा हात देतात. फायबरच्या होडीतली चीर घासून तिच्यावर रेझिन आणि मॅटचे थर चढवतात. वल्हे जिथे खुंटीला बांधलेले असते तिथली दोरी घासून बारीक होते. ती स्वस्त असली तरी भर पाण्यात तुटली की होडी वाऱ्याच्या हाती जाते.

हा धोका काल्पनिक नाही. मे २०२४ मध्ये करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. उघड्या, रुंद पाण्यावर वारा लाटांना लवकर चढवतो आणि काठ पोहण्याच्या टप्प्यात नसतो. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग दाटले की अनुभवी माणूस जाळी मांडायला जात नाही. तो दिवसही मासळीवाचूनच जातो.

हिशोबात मात्र अशा दिवसाचा खर्च कमी होत नाही. धागा, डांबर, रेझिन, वेल्डिंगची मजुरी हे पैसे मासळी नसताना द्यावे लागतात. व्यापाऱ्याकडून उचल घेतली असेल तर पुढची मासळी त्यालाच द्यावी लागते. पैसे अपुरे असले की आधी जाळे दुरुस्त होते, कारण त्यात मासा लागतो. होडीला तात्पुरते ठिगळ बसते आणि पाणी उपसायचा डबा आत टाकला जातो. अशी होडी बरेच दिवस चालते, पण होडीतल्या दोघांपैकी एकाचे हात डब्यात अडकतात, जाळी कमी अंतरावर मांडली जातात आणि दूरच्या खोल पाण्यातला मासा हाती लागत नाही.